फोटो बघून आपली फ्रिगेट कशी ओळखायची
बडोद्यात बसून युद्धनौका कुठे बघणार, पण आयएनएस निलगिरी या फ्रिगेटचा (मध्यम आकाराच्या युद्धनौकेचा) फोटो मोबाईलवर झूम करा, बरंच कळतं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, 15 जानेवारी 2025 ला नौदलात आली.

आधी बाजू बघा, भिंती तिरक्या नि गुळगुळीत दिसतील, त्या रडारचे किरण भलतीकडे वळवतात म्हणून एवढी मोठी बोट शत्रूच्या स्क्रीनवर लहान दिसते, यालाच स्टेल्थ म्हणतात. मग पुढची 76 मिमीची तोफ, आणि तिच्या मागे डेकमध्ये सपाट झाकणं. मिसाइल तिथूनच सरळ वर उडतात, 8 ब्राह्मोस जहाज किंवा जमिनीवरच्या टार्गेटसाठी, आणि बराक मिसाइल शत्रूची विमानं नि अंगावर येणारी मिसाइल पाडायला. मास्टवरचे, म्हणजे डेकवरच्या उंच मनोऱ्यावरचे, चपटे पॅनल म्हणजे रडार, चारी दिशांना एकदम नजर.

मागे हेलिकॉप्टरचा हँगर. पाणबुडी शोधायचं काम मला सगळ्यात अवघड वाटतं, त्यात सोनार पाण्याखाली ऐकतो आणि हेलिकॉप्टर लांबवर जाऊन शोधतं, टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाऊन फुटणारी अस्त्रं, पण असतात.

मुलांना दाखवताना नुसती नावं पाठ करून घेऊ नका, हे कशाला असेल असं विचारा.