सांतियागोच्या गल्लीत राहायला जाण्याआधी

क्यूबातलं रोजचं जगणं जवळून बघायचं असेल, तर हवानापेक्षा सांतियागो दे क्यूबा निवडा, असं मी आग्रहानं सांगेन. हे शहर हवानापासून सुमारे 860 किलोमीटर पूर्वेला, सिएरा माएस्त्राच्या डोंगरांनी वेढलेलं. 1515 मध्ये वसलेलं. पर्यटकांची गर्दी इथं कमी आणि टंचाई जास्त. म्हणून तयारी करताना एक गोष्ट सतत मनात ठेवा: तिथल्या लोकांना आधीच जे कमी पडतं, त्यात आपला वाटा मागायचा नाही.

पहिलं काम मुक्कामाचं. हॉटेल नको, ‘कासा पार्तिकुलार’ शोधा, म्हणजे कुणाच्या तरी घरातली भाड्याची खोली. तुमचे पैसे थेट त्या कुटुंबाच्या हातात जातात, आणि सकाळी कॉफी पिता पिता आज पाणी येणार का, वीज कधी जाणार, कुठं काय मिळतंय, हे सगळं कळतं. शक्य असेल तर तिवोली भागात राहा. हैतीतल्या क्रांतीच्या काळात पळून आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी आणि त्यांच्यासोबत आलेल्यांनी वसवलेली ही चढावरची वस्ती. पाद्रे पिकोच्या रुंद पायऱ्या इथंच आहेत, त्यामुळे चाकांच्या बॅगेपेक्षा पाठीवरची पिशवी बरी आणि चपलांपेक्षा पकड असलेले बूट बरे.

पैसे रोख न्या. युरो किंवा डॉलर, लहान रकमेच्या कोऱ्या नोटा. फाटकी किंवा पेनानं लिहिलेली नोट कुणी घेत नाही. अमेरिकी बँकेचं कार्ड चालत नाही, इतर कार्डांवरही विसंबू नका. पैसे बदलण्याचा सरकारी दर आणि लोकांमधला दर यांत बरीच तफावत असते, तेव्हा पोहोचल्यावर आधी घरमालकिणीला विचारा. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये ‘सीयूसी’ नावाचं दुसरं चलन दिसेल. 2021 च्या जानेवारीत ते बंद झालं. कुणी त्या नोटा देऊ केल्या तर घेऊ नका.

वीज जाते, आणि तासन्‌तास जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये तर अख्ख्या देशाचं वीजजाळं कोसळलं होतं. डोक्याला लावायची विजेरी, मोठी पॉवरबँक, 110 व्होल्टवर चालणारा चार्जर आणि चपट्या पिनांचा जोड घ्या. शहराचा नकाशा आणि स्पॅनिश शब्दकोश फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. औषधांच्या बाबतीत काटकसर नको. तापाच्या, जुलाबाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, तुमची नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची, डासांचं मलम, साबण, सॅनिटरी पॅड, सगळं घरूनच. तिथल्या औषधांच्या दुकानात तुम्ही उचललेलं शेवटचं पाकीट कुणाच्या तरी आईसाठी असतं.

खाण्याचं आधी बोलून ठेवा. 1962 पासून इथं घरटी रेशनचं पुस्तक आहे, त्याला ‘लिब्रेता’ म्हणतात, आणि त्यावर धान्य देणारं दुकान म्हणजे ‘बोदेगा’. रेशनची रांग आपल्याला नवी नाही, त्यामुळे त्या दुकानाचं कुटुंबाच्या महिन्यात काय स्थान आहे ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शाकाहारी असाल तर ‘कोंग्री’, म्हणजे राजमा घालून शिजवलेला भात, डुकराच्या चरबीत केलाय का ते विचारा. युका, मलांगा हे कंद आणि तळलेली कच्ची केळी यांवर छान भागतं. उन्हाळ्यात गेलात तर एल कानेयचे आंबे चुकवू नका, आणि ‘प्रू’ नक्की प्या: मुळ्या-काड्यांचा काढा साखर घालून आंबवतात, ते पूर्व क्यूबाचं पेय.

रांगेची रीत घरीच पाठ करा. पोहोचल्यावर ‘एल उल्तिमो?’, म्हणजे ‘शेवटचा कोण?’, असं मोठ्यानं विचारायचं, शेवटचा माणूस हात वर करतो. त्याला लक्षात ठेवायचं आणि पुढचा विचारेल तेव्हा आपण हात वर करायचा. मग खुशाल सावलीत बसा, नंबर जात नाही. सगळे एकमेकांशी बोलत असतात, त्यामुळे दोनशे-तीनशे शब्दांचं स्पॅनिश येत असेल तर या रांगेतच तुमच्या ओळखी होतील. इंग्रजीवर अवलंबून राहाल तर गप्पा फक्त दलालांशी होतील. फूटपाथवर टेबल मांडून डॉमिनो चालतो. हवानाकडे नऊ ठिपक्यांपर्यंतचा 55 सोंगट्यांचा संच, इथं पूर्वेला सहापर्यंतचा 28 सोंगट्यांचा. जोड्यांचा हा खेळ निघण्यापूर्वी शिकून घ्या. कुणाचा भिडू उठला की बोलावणं येतं.

संगीतासाठी कान तयार करून जा. ‘सोन’ हा नाचगाण्याचा प्रकार पूर्व क्यूबातलाच, आणि पहिला बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत, याच शहरातल्या पेपे सांचेस या शिंप्यानं एकोणिसाव्या शतकात रचला, असं मानतात. एरेदिया रस्त्यावरच्या कासा दे ला त्रोवा या गाण्याच्या बैठकीच्या जागी दिवसाही जा. जुलैतला कार्निव्हल गाठायचा असेल तर मुक्काम फार आधी ठरवा आणि मौल्यवान काही अंगावर ठेवू नका: लोस ओयोस वस्तीची कोंगा, म्हणजे वाजतगाजत जाणारी मिरवणूक, निघाली की ढोल, लोखंडी घंटा आणि चिनी स्थलांतरितांकडून आलेली ‘कोर्नेता चिना’ ही सनईसारखी पिपाणी यांच्यामागे सगळा रस्ता चालू लागतो. त्यात चालायचंच, कडेला उभं राहून चित्रण करत बसू नका.

खांदे झाकणारा एक साधा पोशाख ठेवा. शहराजवळच्या एल कोब्रे गावातल्या चर्चमध्ये क्यूबाची संरक्षक माता, म्हणजे मेरी, आहे. आफ्रिकेतून आलेल्या गुलामांच्या परंपरेतून घडलेल्या सांतेरिया या धर्मात ती ओचून देवी म्हणूनही पुजली जाते, आणि ओचूनचा रंग पिवळा, म्हणून वाटेवर सूर्यफुलं विकायला असतात. एक गुच्छ घ्या. सांता इफिखेनिया स्मशानभूमीतही हा पोशाख शोभतो. क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि कवी होजे मार्ती यांच्या समाधीपाशी दर अर्ध्या तासानं पहारा बदलतो आणि लोक शांत उभे राहतात.

भेटवस्तू रस्त्यात मुलांना वाटू नका. मुलं त्यासाठी पर्यटकांमागे धावू लागतात, आणि आईवडिलांना ते आवडत नाही. वह्या, पेनं, सुया-दोरे, उरलेली औषधं घरमालकिणीकडे द्या. कुणाला नड आहे ते तिला ठाऊक असतं.

कागदपत्रं: ई-व्हिसा, वैद्यकीय विमा, आणि येण्याच्या आठवड्यात भरायचा ‘दे-व्हियाखेरोस’ हा ऑनलाइन अर्ज. त्याची प्रत कागदावरही ठेवा. ब्रिटिश किंवा युरोपीय पासपोर्ट घेतलेल्या आपल्या मंडळींनी आणखी एक बघावं: 12 जानेवारी 2021 नंतर क्यूबाला गेलेल्यांना अमेरिकेत ‘एस्टा’वर, म्हणजे व्हिसाऐवजी मिळणाऱ्या ऑनलाइन परवानगीवर, जाता येत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. पुढे अमेरिकेत कुणाचं लग्न किंवा बाळंतपण असेल, तर तारखांचा हिशेब आधी करा.