पुढून खट-खट? शॉकअबआधी लिंक रॉड बघा

जांबोटी-चोर्ला रस्त्यावर पावसाळा काढला की कार हळू चालवतानाही बारीक खड्ड्यात पुढून खट-खट येते. बरेच जण थेट शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर) बदलतात. बहुतेक वेळा दोषी असतो स्टॅबिलायझर बारचा (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा) लिंक रॉड, म्हणजे त्या बारच्या टोकाची छोटी जोडकाडी, आणि तो शॉकअबच्या मानाने फारच स्वस्त.

तपासायला जॅक नको. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, चाकामागे हात घाला, रॉड मुठीत धरून जोरात हलवा. टक-टक जाणवली किंवा सांध्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीसमध्ये लाल माती दिसली, तर रॉड गेला. जॅकवर एकच चाक उचललं तर बारला पीळ बसतो आणि ढिलेपणा लपतो.

बदलताना दोन्ही बाजूंचे बदला. नट सोडताना आतला बोल्ट सोबत फिरतो. त्याच्या टोकाला ॲलन की (षटकोनी चावी) लावून धरा. चिखलाने जाम आट्यांना आधी वायर ब्रश, मग गंज सोडवणारा स्प्रे, दहा मिनिटं थांबा. नट नवेच वापरा.

शॉकअबवर तेल ओघळलेलं असेल तर मात्र तोही गेलाच. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.