गॅस डायनॅमिक्स शिकताय? टेबल उघडण्याआधी या चुका टाळा

गॅस डायनॅमिक्सच्या, म्हणजे वेगाने वाहणाऱ्या वायूंच्या गणिताच्या, वह्या तपासताना दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात. मुलांचं गणित कच्चं नसतं. पण प्रश्न वाचून होतो न होतो तोच हात गॅस टेबलकडे (तयार आकड्यांच्या तक्त्याकडे) जातो, आणि दिलेलं प्रेशर नेमकं कुठलं हे ठरायच्या आत मॅक नंबर (प्रवाहाचा वेग भागिले ध्वनीचा वेग) काढूनही झालेला असतो.

गेजचा आकडा थेट सूत्रात घालणं

मला सगळ्यात जास्त खुपते ती ही चूक. पुण्यातल्याच एका ग्रुपचं फायनल इयरचं प्रोजेक्ट होतं: कॉम्प्रेसर, टाकी, साधा कन्व्हर्जंट (निमुळता होत जाणारा) नोझल आणि पुढे मोकळी हवा. टाकीवरचा गेज १.१ बार दाखवत होता. मुलांनी तेच स्टॅग्नेशन प्रेशर (हवा थांबलेली असतानाचं प्रेशर) धरलं, बाहेरचं १.०१३ बार घेतलं आणि मॅक ०.३४ काढून मोकळे झाले. फ्लो मीटर मात्र त्यांच्या हिशेबाच्या तिपटीहून जास्त हवा दाखवत होता.

"सर, मीटर गंडलाय." मीटर बदलला, आकडा तोच. मग रेग्युलेटर उघडला, पाइपांचे जोड साबणाच्या पाण्याने तपासले. वहीतली पहिली ओळ तेवढी कुणी तपासली नाही.

गेज वातावरणाच्या वरचं प्रेशर दाखवतो. शिवाय १०१.३ किलोपास्कल हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे ९५ च्या आसपास धरायचं. म्हणजे टाकीत गेजचे ११० (१.१ बार) अधिक ९५, एकूण २०५ किलोपास्कल. ९५ भागिले २०५ म्हणजे ०.४६. हवेचा क्रिटिकल रेशो ०.५२८, त्याच्या खाली गेलात की नोझल चोक, म्हणजे तोंडाशी मॅक १ होतो आणि बाहेरचं प्रेशर आणखी उतरवलं तरी हवा वाढत नाही. मुलं ०.३४ म्हणत होती तिथे मॅक १ होता. खरं तर पुण्यात असा नोझल गेजवर ०.८५ बार दिसायला लागलं की चोक होतो.

मी कागदाच्या डोक्यावर आधी त्या दिवसाचं वातावरणाचं प्रेशर लिहितो आणि प्रत्येक प्रेशरपुढे 'ॲब्सोल्यूट' (वातावरणाचं धरून एकूण) की 'गेज' ते पूर्ण लिहितो. वेळ जातो असं मुलं म्हणतात. मीटर बदलण्यात किती गेला होता?

याच ग्रुपने नंतर पुढच्या बाजूला व्हॅक्यूम पंप लावून हवा वाढवायचा बेत केला होता. चोक झालेल्या नोझलमधून त्याने काडीचाही फरक पडत नाही. मास फ्लो (दर सेकंदाला जाणारी हवा) वाढवायचा तर टाकीतलं प्रेशर वाढवा.

शॉक ओलांडून जुनीच किंमत पुढे नेणं

गाईडमधली गणितं पाठ करणारे इथे हमखास अडकतात. नॉर्मल शॉकमधून (प्रवाहाला लंब असलेली, प्रेशर एकदम वाढवणारी लाट) जाताना स्टॅग्नेशन टेंपरेचर तेवढंच राहतं, म्हणून मुलं स्टॅग्नेशन प्रेशरही तेवढंच धरतात. पण शॉकमध्ये एन्ट्रॉपी वाढते आणि हे प्रेशर पडतं. ए-स्टारही (प्रवाह मॅक १ ला यायला लागणारं क्षेत्रफळ) बदलतो, तो तर कुणाच्या ध्यानीमनी नसतो.

एक उदाहरण बघा. सुरुवातीचं स्टॅग्नेशन प्रेशर ५०० किलोपास्कल, शॉक मॅक २ ला, एक्झिटचं क्षेत्रफळ थ्रोटच्या (नोझलच्या सगळ्यात अरुंद जागेच्या) दुप्पट. मॅक २ ला स्टॅग्नेशन प्रेशरचा रेशो ०.७२१, म्हणजे शॉकनंतर ३६० उरले. त्याच प्रमाणात ए-स्टार १.३८७ पट झाला. आता एक्झिटचा एरिया रेशो (क्षेत्रफळ भागिले ए-स्टार) २ नाही, २ भागिले १.३८७ म्हणजे १.४४. टेबलच्या सबसॉनिक (मॅक १ च्या खालच्या) भागात मॅक ०.४५ मिळतो आणि एक्झिट प्रेशर सुमारे ३१४ किलोपास्कल. जुनाच ए-स्टार आणि जुनंच ५०० ठेवलं तर ०.३१ आणि ४६८ येतात. दोन्ही उत्तरं दिसायला सारखीच सभ्य, म्हणून चूक लक्षातच येत नाही.

मी आधी नोझल काढतो, शॉकच्या जागी लाल रेघ मारतो आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना स्टॅग्नेशन प्रेशर आणि ए-स्टार वेगळे लिहितो. ऑनलाइन कॅल्क्युलेटर जरूर वापरा, पण हे चित्र काढल्यावर. रेघेच्या कुठल्या बाजूला उभे आहात हे तो विचारत नाही.

बाकीच्या थोडक्यात. टेंपरेचर केल्विनमध्येच घ्या: २७ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सुमारे ३४७ मीटर प्रतिसेकंद आहे, त्याच्या सूत्रातल्या वर्गमुळात नुसते २७ घातलेत तर १०४ येतो. एकाच एरिया रेशोला दोन मॅक नंबर असतात, १.६८७५ ला २ आणि ०.३७२, त्यामुळे टेबलात आधी दिसला तो उचलू नका. ऑब्लिक (तिरप्या) शॉकला नॉर्मल शॉकचं टेबल लावायचं तर मॅकचा शॉकला लंब असलेला भागच घ्यायचा.

आणि रेले फ्लोमध्ये (घर्षण न धरता, एकसारख्या नळीतल्या प्रवाहाला उष्णता देण्याच्या गणितात) उष्णता देऊनही स्टॅटिक टेंपरेचर (वाहत्या हवेचं प्रत्यक्ष टेंपरेचर) कमी आलं, तर घाबरून उत्तर खोडू नका. हवेसाठी ते मॅक ०.८४५ ला सर्वाधिक असतं. तिथून मॅक १ पर्यंत उष्णता देत गेलात तरी ते उतरतच जातं.