ग्रुप निघतो, गाजतो आणि गप्प होतो: या चुका टाळा

८ मार्चला, महिला दिनी, पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांमध्ये गुलाब वाटले जातात, पॅनेल चर्चा होते, फोटो निघतात. त्याच संध्याकाळी उत्साहाने तिथल्या बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार होतो. मे उजाडेपर्यंत त्यात सुप्रभातची चित्रं आणि 'कुणाकडे जावाचं ओपनिंग आहे का?' एवढंच उरतं. बायकांना एकमेकींशी बोलायला वेळ नाही, असं कारण मग दिलं जातं. मला ते पटत नाही. ग्रुपला काही कामच दिलेलं नसतं.

विषय फार मोठा ठेवणं

'आयटीतल्या महिला' म्हटलं की त्यात एसएपीवाली (कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) येते, टेस्टिंगवाली येते आणि शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनीही येते. तिघींनी एकमेकींना काय विचारायचं? अमेरिकन संगणकतज्ज्ञ अनिता बोर्ग यांनी १९८७ मध्ये 'सिस्टर्स' हा बायकांचा ईमेल गट सुरू केला, तो ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या एका परिषदेला आलेल्या मोजक्या बायकांमधून. सगळ्या एकाच क्षेत्रातल्या, त्यामुळे बोलायला विषय शोधावा लागला नाही. तुम्हीही 'मॅन्युअल टेस्टिंगमधून ऑटोमेशनकडे वळणाऱ्या' (सॉफ्टवेअरची तपासणी हाताने करण्याऐवजी ती प्रोग्रामकडून करून घ्यायला शिकणाऱ्या) इतका नेमका गट करा. महिन्यातून एकदा एकीने पंधरा मिनिटांत सांगायचं: प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिममध्ये, काय बंद पडलं, का पडलं, रात्री कुणी उठून नीट केलं. क्लायंटचं नाव आणि कंपनीचा कोड मात्र बाहेर काढायचा नाही. अशा दोन-तीन बैठका झाल्या की कोण कशात पक्की आहे ते कळतं, आणि पुढे नोकरीसाठी रेफरल (शिफारस) देताना तेच आठवतं.

'सगळ्यांचं स्वागत आहे' म्हणून मोकळं होणं

२००६ मध्ये ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे गूगल समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमासाठी जवळपास दोनशे अर्ज आले. त्यांत एकही बाईचा नव्हता. मग त्यांनी खास स्त्रियांसाठी वेगळी जाहिरात केली, तर शंभराच्या आसपास अर्ज आले. त्याच वाटेवर पुढे आउटरीची हा इंटर्नशिपचा उपक्रम उभा राहिला. बायका होत्याच, पण आधीचं बोलावणं आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. तेव्हा पोस्ट टाकून गप्प बसू नका, नाव घेऊन बोलवा. 'तू परवा एअरफ्लोचं जे सांगितलंस, तेच शनिवारी सांगशील का?' याला नकार देणं अवघड जातं.

इथेच आपल्याकडची एक खास अडचण येते. लातूर-सांगलीकडच्या कॉलेजातून आलेली मुलगी कोड उत्तम लिहिते, पण ओळख परेड इंग्रजीत सुरू झाली की कॅमेरा बंद करून बसते. पहिला प्रश्न संयोजिकेनेच मराठीत विचारावा. बाकीच्यांची जीभ आपोआप मोकळी होते.

'हाय मॅम, प्लीज गाइड मी'

लिंक्डइनवर असे मेसेज रोज येतात आणि तसेच पडून राहतात. समोरचीला माज असतो असं नाही. काय गाइड करायचं, तेच तिला कळत नाही. याउलट हा मेसेज बघा:

'नमस्कार मॅडम, मी तीन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करते. प्लेराइट शिकून एक छोटा प्रकल्प गिटहबवर टाकलाय. तुमच्या टीमच्या ऑटोमेशनच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे, जॉब आयडी खाली देते. माझ्या रेझ्युमेत कोणती गोष्ट कमी वाटते, एवढं सांगाल का?'

याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं, म्हणून ते येतं. उत्तर आल्यावर पुढे काय झालं ते कळवायला विसरू नका, नोकरी न मिळाली तरी. बहुतेक जणी इथेच गायब होतात आणि वर्षाने पुन्हा 'हाय मॅम' करतात.

फक्त बायकांमध्येच राहणं

मैत्रिणींचा गट धीर देतो, पगाराचे आकडे खरे सांगतो, कुठला मॅनेजर सांभाळून घेतो तेही सांगतो. पण अप्रेझलच्या बैठकीत तुमची बाजू कोण मांडणार? त्या खोलीत आज बहुतेक पुरुष बसलेले असतात. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना तुमचं काम नीट माहीत हवं. गटातल्या सिनिअर बाईने नवीन मुलीला सल्ला देण्याबरोबरच आर्किटेक्चर रिव्ह्यूला (सिस्टिमच्या रचनेवर चर्चा होते त्या बैठकीला) सोबत न्यावं.

आणि हो, नेटवर्किंगच्या नावाखाली केक, रांगोळी, टीम लंच हे सगळं तुमच्याच गळ्यात पडत असेल तर ते सगळ्यांनी आळीपाळीने करायचं ठरवा. त्याला रेटिंग मिळत नाही.

वेळ चुकणं

कामाच्या दिवशी संध्याकाळी सातचा मीटअप म्हणजे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या आणि पाळणाघर गाठायची घाई असलेल्या सगळ्या बाद. शनिवारी सकाळी अकरा किंवा ऑफिसातच जेवणाच्या सुट्टीत ठेवा.

करिअर ब्रेक म्हणजे गटाबाहेर

बाळंतपणानंतर किंवा घरच्या आजारपणात नोकरी सुटते आणि 'आता कुठल्या तोंडाने बोलू' म्हणून बाई गटातही दिसेनाशी होते. तिला गटातली छोटी जबाबदारी द्या: बैठकीच्या नोंदी, वर्कशॉपमध्ये कोचिंग. बायकांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या जँगो गर्ल्सच्या एकदिवसीय कार्यशाळांची पद्धत सरळ आहे, साधारण तीन जणींमागे एक कोच, आणि शिकवायचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं. परत नोकरीला लागताना तिच्याकडे सांगण्यासारखं ताजं काम असतं.

सगळं एका जागी, एकीच्या हातात

२०११ मध्ये सुरू झालेली विमेन हू कोड ही तंत्रज्ञानातल्या बायकांची, जगभर शाखा असलेली संस्था एप्रिल २०२४ मध्ये निधीअभावी बंद झाली. त्याच वर्षी गर्ल्स इन टेक या तशाच संस्थेनेही काम थांबवलं. एवढ्या मोठ्या संस्थांचं असं झालं, तर एका कंपनीच्या सीएसआरवर (सामाजिक कामासाठीच्या निधीवर) किंवा एका एचआरच्या उत्साहावर चालणाऱ्या गटाचं काय! ती एचआर नोटीस पिरियडवर गेली की हॉल जातो, ईमेल यादी जाते. म्हणून यादी कंपनीच्या खात्यावर ठेवू नका. अ‍ॅडमिन तीन जणी करा, तिघी वेगवेगळ्या कंपन्यांतल्या. सहा महिन्यांनी एकीने उतरायचं आणि ग्रुपमध्ये सर्वांत कमी बोलणाऱ्या एखादीला विचारायचं, पुढची बैठक तू घेतेस का?