तेराव्यानंतर पोचणारं कार्ड: दुःखातल्या माणसासाठी हाताने कसं बनवावं

पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. कुणी डबा आणतं, कुणी रात्री सोबतीला थांबतं. मग पाहुणे आपापल्या गावी परततात, फोन कमी होतात, आणि खरं एकटेपण तेव्हा सुरू होतं. हाताने केलेलं कार्ड पोचायला हवं ते या दिवसांत. पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटून या. कार्ड मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हातात पडेल असं बघा. तयारीला तेवढा वेळही मिळतो.

कागद आणि घडी

स्टेशनरीच्या दुकानात 250 ते 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड) ए4 कार्डशीट मागा. पांढरा किंवा फिकट बदामी घ्या. तो मधोमध कापला की दोन तुकडे होतात. एका तुकड्याची घडी घातली की साधारण 10.5 × 14.8 सेंमीचं कार्ड तयार होतं. त्याला सी6 मापाचं पाकीट बरोबर बसतं.

हातकागद मिळाला तर फारच छान. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या या कागदाचा स्पर्शच वेगळा असतो. पण त्यावर शाई फुटू शकते, म्हणून आधी एखाद्या कपट्यावर लिहून बघा. फुटत असेल तर मजकूर साध्या कागदावर लिहून आत चिकटवा.

जाड कागद थेट दुमडला की घडीवर तडे जातात. त्यासाठी मध्यावर स्टीलची पट्टी धरा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून एक रेघ ओढा. ही खाच बाहेरच्या बाजूला राहील अशी घडी घाला आणि वरून चमच्याची पाठ फिरवा.

दर्शनी बाजू

इथे कमीत कमी करा. बोगनवेलीच्या रंगीत पाकळ्या, नेच्याचं पान, कडुनिंबाची कोवळी डहाळी ही वाळल्यावरही छान दिसतात. मोगरा आणि चाफा काळे पडतात, ते नकोत. पानं कोरडी पुसून वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये ठेवा, वर जाड पुस्तकं रचा आणि दोनेक आठवडे हात लावू नका. पावसाळ्यात मधला कागद दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर बुरशी येते.

फेविकॉलमध्ये थेंबभर पाणी घालून पातळ करा. टूथपिकने देठाला आणि पानाच्या मागे दोन-तीन ठिकाणी इवलासा ठिपका लावा. सगळीकडे गोंद फासला की कागद फुगतो. चिकटवल्यावर रात्रभर पुस्तकाखाली ठेवा. एकच पान, थोडं खालच्या बाजूला, बाकी जागा मोकळी. चमकी आणि टिकल्या नकोत. कोपऱ्यांना पिवळा-लाल रंगही नको, कारण तो लग्नपत्रिकेच्या हळदीकुंकवाची आठवण करून देतो.

आतला मजकूर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी वहीत लिहा. 'भावपूर्ण श्रद्धांजली' त्या घराने शेकडो मेसेजमध्ये वाचलेलं असतं. 'देवाची इच्छा', 'आता तुलाच सगळ्यांना सांभाळायचंय' ही वाक्यंही टाळा. ती धीर देत नाहीत, उलट रडायचीही चोरी करतात. गर्भपात झालेल्या मुलीला 'दुसरं होईल' असं तर कधीही लिहू नका.

गेलेल्या माणसाचा उल्लेख मोकळेपणाने करा. लोक तो टाळतात, आणि घरच्यांना नेमकं तेच ऐकायचं असतं. तुम्ही स्वतः पाहिलेली एखादी बारीकशी गोष्ट सांगा:

"काकू, काका गच्चीवरच्या कुंडीतल्या मिरच्या कागदात गुंडाळून दर वेळी हातात ठेवायचे. परवा मंडईत मिरच्या घेताना त्यांचीच आठवण आली. शनिवारी सकाळी मी येते. बँकेचे कागद घेऊन बसू. नाही जमलं तर नुसता चहा घेऊ. या कार्डाला उत्तर पाठवायची गरज नाही."

यात आठवण आहे आणि एक ठरलेलं काम आहे. 'काही लागलं तर सांगा' म्हटलं की सांगायचं ओझं पुन्हा त्यांच्यावरच पडतं. वार आणि काम आपणच ठरवावं, आणि लिहिलं की जायलाच हवं. गेलेल्या माणसाला तुम्ही ओळखत नसाल तर आठवण ओढूनताणून आणू नका. "बाबांबद्दल तुझ्याकडून खूप ऐकलं होतं" एवढं पुरतं.

मजकूर पाच-सहा ओळींचाच असावा, अक्षर मोठं. वयस्कर माणसाला चष्मा शोधावा लागू नये. अक्षर चांगलं नसलं तरी छापील मजकूर नको.

पाकीट

नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी सवयीने 'सौ.' लिहिलं जातं. ते तर नकोच, पण काल-परवापर्यंतच्या 'सौ.'ची जागा घेणारं 'श्रीमती'ही पाकिटावर पहिल्यांदा वाचताना टोचतं. सरळ पूर्ण नाव लिहा. हाती देत असाल तर 'काकूंना' पुरे.

टपालाने पाठवायचं तर पाकिटासह वजन साधारण 15 ग्रॅम भरतं, म्हणजे 20 ग्रॅमच्या सगळ्यात खालच्या टप्प्यात बसतं. वाळलेलं पान मोडू नये म्हणून वर पातळ कागद ठेवा. मागे स्वतःचा पत्ता लिहा.

ए4मधून निघालेला दुसरा तुकडा टाकू नका. त्याचंही कार्ड करून ठेवा आणि कॅलेंडरवर दिवाळीच्या आठवडाभर आधी खूण करा. आपल्याकडे त्या वर्षी घरात फराळ होत नाही, नातेवाईक डबे पोचवतात. दुसरं कार्ड त्या डब्यासोबत द्या.