आर्ट सर्व्हरवर नवीन आलाय काय, मग आधी हे वाचा

आर्ट सर्व्हर म्हणजे डिस्कॉर्ड नावाच्या चॅट ॲपवरचा चित्र काढणाऱ्यांचा ग्रुप, आत वेगवेगळ्या विषयांची चॅनेल असतात. आधी एक क्लिअर करतो, मी मुलगी आहे. कोल्हापुरात आम्ही पोरी पण 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' असंच बोलतो, त्यामुळं खाली सगळं तसंच येणार, चुकलंय समजू नका. हे सांगायचं कारण म्हणजे पहिल्या आर्ट सर्व्हरवर मी 'मी पण काढतो की ओसी' (ओसी म्हणजे आपण स्वतः तयार केलेलं कॅरेक्टर) असं टाकलं तर दोन महिने सगळे मला भावा भावा करत होते, आणि मुलगी आहे कळल्यावर एकीनं त्या मेसेजचा मीम करून पिन करून ठेवला. पिन करायची परमिशन तिथं फक्त मॉडला, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना होती. म्हणजे मीम करणारी मॉडच होती. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण सोळाव्या वर्षी काय कळतंय.

मी २०२० ची दहावी, आमचा भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळं रद्द झाला ती बॅच. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिलेल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड, त्यामुळं घरात आणि शाळेत मी म्हणजे 'चित्र काढणारी'. सुट्टी संपेना, क्लास बंद, पप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरला एक छोटा पेन टॅब्लेट जोडला आणि क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर घेतलं कारण ते फुकट आहे. मग कुणीतरी डिस्कॉर्डची लिंक दिली. चारेकशे मेंबर, बहुतेक महाराष्ट्रातली पोरं, तेरा ते अठरा वयाची. पहिल्या रात्री मी तीन वाजेपर्यंत नुसतं स्क्रोल करत बसलो होतो. आपल्यासारखी एवढी जण आहेत हेच माहीत नव्हतं. ते अजून पण खरंच भारी वाटतं मला, म्हणून हे वाचून कुणी सर्व्हर सोडून पळावं असं माझं म्हणणं नाही. फक्त डोळे उघडे ठेवून जावा.

आता फेवरिटिझम, म्हणजे लाडक्यांना झुकतं माप, म्हटलं की वाटतं कोणतरी दुष्ट ओनर बसलाय, तसं नसतंय. आमचा ओनर सतरा वर्षाचा, बारावीला, घरात क्लासची फी भरलेली आणि हा रात्री दोनला चारशे जणांचं गाव सांभाळतोय. मॉड कोण करणार, तर जे मित्र आहेत ते, दुसरं कोण त्याच्या ओळखीचंच नव्हतं. पण मग तेच मॉड कॉन्टेस्टचे जज, तेच 'फीचर्ड' रोल वाटणार, आणि कॉन्टेस्टमध्ये चित्र पण तेच टाकणार. आता शाहू स्टेडियमवर एका तालमीच्या फुटबॉल मॅचला त्याच तालमीचा प्लेअर रेफ्री म्हणून उभा केला तर काय होईल सांगा बघू. तिथं निदान पब्लिक ओरडतंय तरी. सर्व्हरवर ओरडला की म्यूट.

त्या रोलचं पण सांगतो, कारण नवीन माणसाला तो नुसता रंग वाटतो. फीचर्ड मिळाला की नाव सोनेरी, मेंबर लिस्टमध्ये सगळ्यात वर, आणि चित्र टाकायला वेगळं चॅनेल जिथं गर्दी नाही. बाकीच्यांचं चित्र जनरल गॅलरीत, तिथं पाच मिनिटात वर सरकून गायब. मग काय होतं, लोक सोनेरी नाव बघून कमेंट करतात, कमेंट बघून आणखी लोक येतात, आणि सहा महिन्यांनी सगळ्यांना खरंच वाटायला लागतं की हा सगळ्यात भारी आर्टिस्ट. मी एकदा मोजलं होतं (होय, एवढी वाईट अवस्था होती). एका मॉडनं अर्धा डोळा काढून 'बोअर झालं' लिहून टाकला, दहा मिनिटात ४१ रिॲक्ट, म्हणजे खाली दिलेले इमोजी. मी आठ दिवस खपून केलेली महाद्वार रोडची गर्दी, दुकानांच्या पाट्यांसकट, त्याला ३. त्यातला एक बॉटचा, म्हणजे माणसाचा नाही, ऑटोमॅटिक प्रोग्रॅमचा.

तरी मी राहिलो. आणि मग जुलै २०२१ चा पूर आला.

त्या महिन्याच्या कॉन्टेस्टचा विषय होता 'पाऊस', हसू नका, खरंच. डेडलाईन २५ तारीख. आम्ही जयंती नाल्याच्या बाजूला राहतो, पंचगंगा ४३ फुटाची धोका पातळी ओलांडून वर गेलेली, आमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी, लाईट नाही, नळाला पाणी नाही, टँकर आला की बादल्या घेऊन धावायचं. चित्र नव्वद टक्के झालेलं आणि कॉम्प्युटर बंद. मोबाईलला ९ टक्के चार्जिंग होतं त्यात मी मॉडला मेसेज केला की पूर आलाय, दोन दिवस वाढवून द्या. रिप्लाय आला, 'सॉरी, रूल्स सगळ्यांना सेम' आणि पुढं जांभळं हार्ट. मी म्हटलं ठीक आहे, रूल म्हणजे रूल. लाईट आल्यावर रिझल्ट बघितला तर दुसऱ्या नंबरचं चित्र २८ तारखेला टाकलेलं. तारीख वेळ सगळी मेसेजवर दिसत होती, कुणी लपवायची पण तसदी घेतली नव्हती. विचारलं तर म्हणे तिला आर्ट ब्लॉक होता, म्हणजे काही सुचत नव्हतं.

म्हणून पहिला सल्ला. नवीन सर्व्हरवर गेलात की रूल्सचं चॅनेल वाचू नका, म्हणजे वाचा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. जुन्या कॉन्टेस्टचे रिझल्ट उघडा, जज कोण होते आणि जिंकलं कोण ते बघा, आणि लाडक्या माणसानं रूल मोडला तेव्हा काय झालं हे शोधा. अर्ध्या तासाचं काम आहे, माझ्यासारखी दोन वर्षं जाणार नाहीत.

आता पुढचं सांगायला जरा लाज वाटते. पूर ओसरल्यावर मी चिडून सर्व्हर सोडला असता तर गोष्ट संपली असती. पण मी काय केलं, ओनरच्या वाढदिवसाला त्याचा ओसी काढला.  त्याचा ओसी पांढऱ्या केसांचा, एक डोळा झाकलेला, कमरेला तीन बेल्ट, एकाचा पण उपयोग नाही. मी फुल रेंडर करून, म्हणजे रंग-सावल्यांसकट पूर्ण करून टाकला. साठच्या वर रिॲक्ट, पिन, आठवड्यात सोनेरी नाव आणि जानेवारीत मॉड. माझं ड्रॉइंग त्या आठवड्यात काही सुधारलं नव्हतं. त्या ओसीचे दोन्ही हात मी मागं लपवलेले, कारण मला हात काढता येत नव्हते.

आणि मजा बघा, ते कुणीच बोललं नाही. सर्व्हरवर रूल होता की मागितल्याशिवाय क्रिटिक द्यायचा नाही, म्हणजे चुका दाखवायच्या नाहीत, आणि सोनेरी नाववाल्याला तर मागितला तरी कोण देत नाही, वाकडं कुणाला घ्यायचंय. पुढचं अख्खं वर्ष माझी सगळी कॅरेक्टर्स हात खिशात घालून, पाठीमागं बांधून, नाहीतर मोठ्या बाह्यांत लपवून उभी. खाली कमेंट काय, 'क्वीन', 'हाऊ', 'माझे डोळे धन्य झाले'.

मॉड झाल्यावर स्टाफ चॅनेल, म्हणजे मॉड लोकांचं आतलं चॅनेल, दिसायला लागलं. बाहेरून वाटतं तिथं काहीतरी गंभीर चर्चा चालत असेल. आत निम्मं गॉसिप. कोण कुणाची स्टाईल कॉपी करतंय, कुणाचं कुणाशी ब्रेकअप झालं, अमकी 'अटेन्शन सीकर' आहे. त्या अमकीला बिचारीला बाहेर सगळे गुड मॉर्निंग बेस्टी करत होते.

तिथंच ट्रेसिंगचं, म्हणजे दुसऱ्याचं चित्र गिरवल्याच्या आरोपाचं, प्रकरण झालं. गडहिंग्लज साइडचा एक पोरगा होता, चौदा वर्षाचा, मोबाईलवर बोटानं आयबिस पेंटमध्ये काढायचा. त्यानं एक पळणारी मुलगी काढली. एका मॉडनं ती आमच्या एका फीचर्ड आर्टिस्टच्या चित्रावर ठेवून दोन्ही आउटलाइन जुळतात असा जिफ (छोटं हलणारं चित्र) बनवून स्टाफमध्ये टाकला. जुळत होत्या, खोटं नाही. पण का जुळत होत्या ते मला माहीत होतं. ती पोझ एका फुकट रेफरन्स फोटोतली, तोच फोटो माझ्या फोल्डरमध्ये पण होता. दोघांनी एकाच फोटोवरनं काढलेलं. मी टाईप केलं, 'थांबा, हा फोटो माझ्याकडं पण आहे', आणि खोडलं. त्या दिवशी संध्याकाळी माझं फीचर लागणार होतं.

वीस-पंचवीस मिनिटात निकाल. अनाउन्समेंटमध्ये त्याच्या नावानं कॉलआउट, म्हणजे सगळ्यांसमोर आरोप, सगळ्यांना पिंग, आणि बॅन. बॅन झाल्यावर तिथं लिहिता येत नाही, त्यामुळं त्याला उत्तर द्यायची सोयच राहिली नाही. आयबिस पेंट चित्र काढतानाचा व्हिडिओ आपोआप ठेवतो, म्हणजे पुरावा त्याच्या मोबाईलमध्ये पडून होता. कुणी मागितलाच नाही. मी पण नाही.

म्हणून चित्र पूर्ण झालं की नुसता जेपीजी ठेवून लेयरची फाईल उडवू नका. प्रोक्रिएट टाइमलॅप्स ठेवतं, क्रिटात व्हर्जन ५ पासून रेकॉर्डर आहे पण तो स्वतः चालू करायला लागतो. रेफरन्स वापरला असेल तर चित्र टाकतानाच त्याची लिंक द्या, नंतर दिली की पळवाट वाटते. आणि कधी तुमच्या नावानं कॉलआउट आलंच तर त्या रात्री काही लिहू नका, रात्री लिहिलेल्या वाक्याचेच स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी फिरतात. सकाळी एकच मेसेज, फाईल जोडून, संपलं. दुसऱ्याच्या नावानं आलं तर 'मला आधीपासूनच डाऊट होता' लिहिणाऱ्यांत जाऊ नका. स्क्रीनशॉटवर तर डोळे झाकून विश्वास नकोच, ब्राऊझरमध्ये इन्स्पेक्ट करून कुणाच्या तोंडी काहीही घालता येतं, मी दोन मिनिटात करून दाखवतो.

बाकी फुटकळ. आर्ट ट्रेड (तू माझं चित्र काढ, मी तुझं) करताना आधी दोघांनी रफ स्केच दाखवायचं आणि मगच पुढं, नाहीतर तुमचं फुल बॉडी जातं आणि समोरचा महिनाभर 'परीक्षा आहे' म्हणतो. फुकट लोगो, फुकट बॅनर, 'तुला एक्सपोजर मिळेल', ह्याला सरळ नाही म्हणा. मन मोकळं करायच्या व्हेंट चॅनेलमध्ये घरचं सगळं ओतू नका, समोर समजूत काढणारा पण तेरा वर्षाचाच असतो आणि ते नंतर स्टाफमध्ये वाचलं जातं, हे मी डोळ्यानं बघितलंय. आणि डीएममध्ये कोण मोठा माणूस वय विचारतोय, फोटो मागतोय, 'कुणाला सांगू नको' म्हणतोय, तर मॉडला सांगून थांबू नका, मॉड पण पोरच आहे. घरात सांगा, १०९८ ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. ह्यात ड्रामा होईल म्हणून गप्प बसायचं नसतंय.

मी बाहेर कसा पडलो ते. रविवारी सकाळी रंकाळ्यावर, संध्यामठाच्या बाजूला, काही जण लँडस्केप करायला बसतात. बारावीनंतर चित्रकलेच्या फाउंडेशन कोर्सला ॲडमिशन घेतली तेव्हा क्लासमधल्या मैत्रिणीनं ओढून नेलं. तिथं एक म्हातारे पेंटर असतात, डोक्याला मफलर, जवळ चहाचा थर्मास. मी रुबाबात मोबाईल काढून माझी फीचर्ड चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा वर करून एकेक बघितलं, शेवटपर्यंत. मग विचारलं, "ह्यांना हात नाहीत काय गं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाळा, केस झकास काढतीस. आता आठवडाभर आईचे हात काढ. भाकरी थापताना काढ, म्हणजे हलत असतात, पळवाट मिळत नाही." आणि परत आपल्या पाण्याकडं वळले. दोन वर्षं, शेकडो रिॲक्ट, आणि हे एक वाक्य सांगायला कोण नव्हतं. ज्यांचं नाव सोनेरी नव्हतं त्यांना निदान कधीतरी कोण 'खांदा चुकलाय' म्हणून टोकत तरी होतं. लाडक्यांचं नुकसान जास्त होतं, हे मला तिथं बसून कळलं, तळ्याच्या वासात.

आईचे पहिले वीस-तीस हात म्हणजे बटाट्याला शेंगा चिकटवल्यासारखे आले. आई म्हणाली, "माझं एवढं सुजलंय काय?"

सर्व्हर सोडायच्या आधी मी स्टाफमध्ये तो रेफरन्स फोटो टाकला आणि लिहिलं की मला तेव्हाच माहीत होतं. कुणीतरी लिहिलं, 'एवढं जुनं कशाला काढतीस'. मग लीव्ह दाबलं. डिस्कॉर्ड स्वतःहून कुणाला नोटिफिकेशन पाठवत नाही, पण आमच्याकडं बॉट होता, त्यानं 'अमुक आपल्याला सोडून गेली' अशी रडकी पाटी लावली असणार. निरोपाचं लांबलचक पत्र टाकायचा मोह प्रत्येकाला होतो, टाकू नका, तो पुढचा ड्रामा असतो.

त्या पोराला इन्स्टावर शोधून सगळं खरं लिहिलं, सॉरी म्हटलं. सीन दिसलं. चार दिवसांनी उत्तर आलं, 'ताई, तो जिफ माझ्या शाळेतल्या पोरांनी पण बघितला होता.' एवढंच. त्यावर मी काय लिहिणार, काहीच लिहिलं नाही.

आता मी कामं घेतो, मुलांच्या गोष्टींची चित्रं, तालमींचे गणपतीचे बॅनर. एका छोट्या ग्रुपवर आहे, अकरा जण, रोल बिल काही नाही, दर शनिवारी एकमेकांच्या चुका काढतो आणि कधीकधी रुसतो पण. तो पोरगा अजून काढतोय. परवा त्याची स्टोरी दिसली, बाजारात कोथिंबीर निवडत बसलेली आजी, दोन्ही हात समोर, नखात माती. मी दोनदा बघितली आणि रिॲक्ट न करता फोन ठेवला.