परागकणांच्या दिवसांत नाक-डोळ्यांना आराम कसा द्यावा

ठरावीक ऋतू आला की काही जणांना सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक शिंका सुरू होतात, नाकातून पाणी गळते, डोळे चुरचुरतात आणि टाळूला खाज सुटते. ताप नसतो, नाकातील स्राव पाण्यासारखा पातळ असतो आणि त्रास चार-आठ दिवसांत न ओसरता कित्येक आठवडे रेंगाळतो, यावरून हा त्रास, म्हणजेच परागकणांची ॲलर्जी, साध्या सर्दीपेक्षा वेगळा ओळखता येतो. ब्रिटिश डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी 1819 मध्ये स्वतःच्याच या दुखण्याचे वर्णन केले, तर त्यामागे परागकण आहेत हे चार्ल्स ब्लॅकली यांनी 1873 मध्ये, तेही स्वतःवर प्रयोग करून, मांडले. एरवी निरुपद्रवी असलेल्या परागकणांना शरीर शत्रू समजते आणि त्यांचा स्पर्श होताच काही पेशी हिस्टामिन हे शिंका आणि खाज आणणारे रसायन सोडतात. त्यामुळे नैसर्गिक उपाय म्हणजे काहीतरी पोटात घेणे, ही समजूत बाजूला ठेवून परागकण नाकापर्यंत कमी कसे पोचतील आणि पोचलेले लवकर कसे धुतले जातील, हे आधी पाहावे.

धुण्याचा सर्वांत उपयोगी मार्ग म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक स्वच्छ करणे, म्हणजेच जलनेती. पाण्यातील मिठाचे प्रमाण शरीरातील द्रवांइतके, लिटरला 9 ग्रॅम, ठेवल्यास नाक झोंबत नाही. 250 मिलिलिटर पाण्याला सव्वादोन ग्रॅम, म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्याहून किंचित कमी मीठ पुरते. मीठ शक्यतो आयोडीनविरहित घ्यावे. मात्र पाण्याच्या बाबतीत तडजोड करू नये. नळाचे पाणी पिण्यास योग्य असले तरी त्यातील काही सूक्ष्मजीव नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतात आणि तो संसर्ग क्वचित होत असला तरी बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणून पाणी किमान 1 मिनिट खळखळून उकळून कोमट होऊ द्यावे किंवा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी वापरावे. बेसिनवर वाकून, मान एका बाजूला कलती ठेवून, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत पाणी हळूहळू सोडावे, म्हणजे ते दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर पडते. नंतर नाक हलक्या हाताने शिंकरावे. जोर लावल्यास कानाला दडे बसतात. भांडे दर वेळी धुऊन पूर्ण वाळवावे.

त्रास देणारे परागकण बहुधा गवत, तण आणि वाऱ्यावर परागण होणाऱ्या झाडांचे असतात. रंगीबेरंगी फुलांचे परागकण जड आणि चिकट असल्याने सहसा कीटकांबरोबर जातात, तेव्हा फुलदाणीवर उगाच आळ घेऊ नये. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेवाव्यात, बाहेर पडताना मास्क आणि डोळे झाकणारा चष्मा वापरावा. संथ पावसाने हवा धुऊन निघते, पण वादळी पावसात परागकण फुटून त्यांचे बारीक तुकडे थेट फुप्फुसांत शिरू शकतात. नोव्हेंबर 2016 मध्ये मेलबर्न येथे अशाच वादळानंतर हजारो लोकांना दम्याचा त्रास झाला आणि काहींचा मृत्यूही झाला. बाहेरून आल्यावर कपडे बदलावेत आणि झोपण्यापूर्वी केस धुवावेत, नाहीतर दिवसभर केसांत अडकलेले कण रात्रभर उशीवर राहतात. धुतलेले कपडे या दिवसांत घरातच वाळवावेत. डोळ्यांची आग होत असेल तर ते चोळू नयेत, गार पाण्यात पिळलेली स्वच्छ कापडाची घडी त्यांवर ठेवावी.

मधाने ॲलर्जी जाते असे पुष्कळ जण सांगतात. पण मधमाश्या मुख्यतः फुलांचे पराग गोळा करतात, गवताचे नव्हे, आणि या उपायाला भक्कम आधार नाही. वाफेने चोंदलेले नाक तात्पुरते मोकळे होते, तरी उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकताना भाजण्याचा धोका असतो. लहान मुलांना अशी वाफ देऊच नये. या ॲलर्जीवर घेतल्या जाणाऱ्या बटरबर या वनस्पतीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी असल्याने त्यांच्यापासून दूर राहणेच बरे.

छातीत घरघर होत असेल, धाप लागत असेल, एकाच नाकपुडीतून सतत स्राव येत असेल किंवा ताप आणि चेहऱ्यात दुखणे सुरू झाले, तर घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांनी आधीच दिलेली दम्याची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.